ऑस्टवेलचं पाचवं मत

नॉर्डाल, मिनेसोटा
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय आर्लेन,

तुला आणि बेव्हर्लीवहिनीला माझी आणि हॅरल्डची आठवण. आम्ही बरे आहोत. हॅरल्डच्या गुडघ्याचे टाके निघाले, आणि आता तो काठी टेकत घरभर फिरून मला स्वयंपाक कसा करायचा ते शिकवतो. आत्ताच चर्चमधून आलो. थंडी इतकी की गाडी सुरू व्हायला चार वेळा किल्ली फिरवावी लागली.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. बेव्हर्ली म्हणते की तू कुणाचाच उचलत नाहीस, म्हणून मी मनाला लावून घेतलेलं नाही. पत्राला कारण आहे. पण त्या कारणापर्यंत यायला मला दोन-तीन पानं लागतील. तेवढा दम धर.

बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच असणार. आपल्या नऊ कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा येत्या मार्चमध्ये हॅलोरन सिटीत होईल. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऑस्टवेलच्या बाहेर. हॅलोरनवाले खूश आहेत. सप्टेंबरात आम्ही नऊ कॉलेजांचे क्रीडाप्रमुख तिन्ही इच्छुक गावांच्या पाहणीला गेलो होतो, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला पिवळंधमक जाकीट दिलं होतं. आमच्यातल्या नन, सिस्टर बर्नडीननं ते आपल्या झग्यावर चढवलं आणि म्हणाली, "आता मला कुणी रस्त्यात उडवलं तर तो अपघात नसेल, खूनच." हॉल त्यांचा प्रचंड आहे. नव्या गालिच्याचा वास येतो. आपली दोन हजार माणसं त्यात म्हणजे परातीत चार वाटाणे. तिसरं गाव पाइन बेंड. तिथे लोक प्रेमळ, पण हॉटेलं दोनच. निम्म्या खेळाडूंना शेजारच्या गावी झोपावं लागलं असतं.

आणि मग ऑस्टवेल, तू सांभाळतोस तो नगरपालिकेचा हॉल. तू मैदानाच्या रेषा स्वतःच्या हातानं नव्यानं रंगवल्या होत्यास. पॉपकॉर्नचं यंत्र घासूनपुसून दारात ठेवलं होतंस. सगळ्यांना वास आला आणि मला वाटलं, झालं, आता कुणाला मत द्यायचं ते ठरलं. मग सिस्टर बर्नडीननं मान वर केली.

"मिस्टर टॉफ्टे, हे छत किती वर्षांचं?"

"तुमच्याहून तरुण आहे, सिस्टर."

"मग काळजीच आहे. माझे गुडघे बघा."

सगळे हसले. तूही हसलास. आणि हसता हसता माझ्याकडे पाहिलंस. मी पॉपकॉर्नच्या यंत्राकडे अशी बघत होते, जणू जन्मात यंत्र पाहिलं नव्हतं.

जुलैत तळ्यावर, होडीत, तू मला सांगितलं होतंस ते तुलाही आठवतंय आणि मलाही. छत तोलणारी पूर्वेकडची तिसरी लाकडी कमान चिरली आहे. तू आणि तुझा जुना दोस्त व्हर्जिलनं मिळून चार वर्षांपूर्वी तिला लोखंडी पट्टी आवळली. नगरपालिकेला दोनदा लिहिलंस, दोन्ही वेळा 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर आलं. आणि बर्फ पडलं की तू फावडं घेऊन छतावर चढतोस. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, कमरेला दोर बांधून. मी म्हटलं, "आर्लेन, हे कुणाला तरी सांगायला हवं." तू म्हणालास, "तुला सांगितलं की. आता हे तुझ्यात, माझ्यात आणि व्हर्जिलमध्ये." मी मान डोलावली. तू गळाला नवं आमिष लावलंस आणि विषय संपला.

१० ऑक्टोबरला मतदान झालं. चिठ्ठ्या टाकून. ऑस्टवेलला पाच, हॅलोरनला चार. संध्याकाळी तुझा फोन आला. "मार्लिस! आणखी तीन वर्षं! पाच शहाणी माणसं निघाली!" तुझा आवाज फाटला होता. आई गेली तेव्हासुद्धा तुझा आवाज फाटला नव्हता. त्या पाचांमध्ये मी होते, आर्लेन. मी छताबद्दल सगळं जाणत होते, तरी चिठ्ठीवर ऑस्टवेल लिहिलं. मी ते तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तुझ्या तोंडावर 'नाही' म्हणायचं मला धाडस नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी उठले, हॅरल्डला कॉफी दिली, परत आले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे हॉलमध्ये कोण कुठे बसणार याचा तक्ता भरायला आला. दर वर्षीचंच काम. पश्चिमेला कॉलेजांचे लोक, उत्तरेला बँड. पूर्वेला, पहिल्या दिवशी, गावातल्या शाळांची तिसरीची मुलं, फुकट प्रवेश, डोक्यावर कागदी टोप्या. मी 'पूर्व' लिहिलं आणि पुढे आकडा लिहायचा होता. दोनशे चाळीस. 'दोनशे' लिहिलं आणि हात थांबला. खिडकीबाहेर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं. मोसमातलं पहिलंच. तू आता दोर शोधत असशील, एवढंच डोक्यात आलं.

मी तो कागद तसाच टेबलावर ठेवला, कोट घातला आणि नऊ कॉलेजांच्या संघटनेच्या, कॉन्फरन्सच्या, कचेरीत कमिशनर बॉशकडे गेले. दीड तासाचा रस्ता. वाटेत दोनदा गाडी वळवली आणि दोनदा परत फिरवली. त्यांना सगळं सांगितलं. कमान, पट्टी, चार वर्षं. त्यांनी ऐकता ऐकता पेन्सिल फिरवली. मग म्हणाले, "तुम्ही मत कुणाला दिलं होतं?" मी म्हटलं, "ऑस्टवेलला." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि फोन जवळ ओढला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी नगरपालिकेकडे इंजिनिअरचा दाखला मागितला. इंजिनिअर आला, कमान पाहिली, तिच्या शेजारचीही पाहिली, आणि त्याच दिवशी हॉलला कुलूप लागलं.

सांगणारी मी होते. व्हर्जिल नव्हे.

हे वाक्य मी नाताळला तुझ्या स्वयंपाकघरात बोलायला हवं होतं. तू भांडी विसळत होतास आणि म्हणालास, "चाळीस वर्षांची दोस्ती. कमानीचं तिघांनाच माहीत होतं. तू तर माझी बहीण. राहिला कोण?" मी हातात ॲपल-पायची बशी घेऊन उभी होते. तू म्हणालास, "त्याला मी म्हटलं, तोंड दाखवू नकोस. त्यानं एक शब्द काढला नाही. खोटा असता तर भांडला नसता का?" मी बशी पुसली. आधीच पुसलेली होती. पुन्हा पुसली.

मागच्या मंगळवारी व्हर्जिलची बायको, डार्लीन, मला दवाखान्यात भेटली. एवढंच म्हणाली, की व्हर्जिल शुक्रवारी पत्ते खेळायला निघतो, क्लबच्या बाहेर तुझा ट्रक दिसला की आत न जाता गाडीत बसून राहतो आणि तासाभरानं घरी येतो. "मी विचारलं, हरलास का, तर म्हणतो, हो, हरलो." हे सांगताना ती हसली. मला हसता आलं नाही.

छत अजून उभं आहे. इंजिनिअरनं खाली लोखंडी टेकू लावलेत, आणि तसं बघितलं तर ते अजून पंचवीस वर्षंही उभं राहिलं असतं. मी बरोबर होते, असं मला कधीच सिद्ध करता येणार नाही. गावानं आपली स्पर्धा गमावली, तू तुझा मार्च गमावलास, आणि कदाचित कशासाठीच नाही. हे सगळं मी मोजून पाहिलं आहे. तरी तो 'दोनशे'पुढचा आकडा मी पुन्हा लिहू शकणार नाही.

तुला आधी सांगून मग बॉशकडे जायला हवं होतं. ते मी केलं नाही, कारण तू 'नको' म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. आयुष्यभर ऐकतच आले.

आता लिहून झालं. मला हलकं वाटतंय, आणि हलकं वाटतंय याची लाजही वाटतेय. फोनची वाट बघणार नाही. माझ्याशी बोल किंवा बोलू नकोस. पण हे पत्र खिशात घाल आणि आजच्या आज व्हर्जिलकडे जा.

तुझं गुपित फोडलेली, आणि ते लपवून दुसऱ्याला बळी दिलेली,
तुझी बहीण
मार्लिस


ऑस्टवेल
सोमवार, १९ फेब्रुवारी

मार्लिस,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून गराजमध्ये गेलो आणि एक चांगली बादली लाथेनं चेपवली. बेव्हर्ली म्हणाली, "बादलीनं काय केलं?" मी म्हटलं, "बादलीनं काही केलं नाही, तेच तर."

तू म्हणालीस आजच्या आज जा. मला पाच दिवस लागले. शनिवारी गेलो. व्हर्जिलनं मोज्यांवरच दार उघडलं. मी घरून भाषण पाठ करून नेलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "तू नव्हतास."

तो म्हणाला, "मला माहीत आहे मी नव्हतो. आत ये, घर गार होतंय."

डार्लीननं सूप वाढलं. अर्धी वाटी संपवली. मग मी विचारलं, "भांडला का नाहीस?" तर म्हणतो, "भांडणार कुठल्या तोंडानं? चार वर्षं रोज मनात यायचं की जाऊन सांगावं. तू अंगावर आलास तेव्हा वाटलं, केलं नाही पण करायला हवं होतं; शिव्या वाया नको जायला." असला माणूस. मग मला म्हणतो, "मला वाटलं, तूच सांगितलंस आणि लाजेनं माझ्यावर ढकलतोयस." म्हणजे दोन महिने तो मला झाकत होता, आर्लेन टॉफ्टेला! मी खूप हसलो, मार्लिस. मग डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर डार्लीननं भांडी पुसायचं फडकं दिलं.

आता तुझं. तू आधी मला सांगायला हवं होतंस. ते मी विसरेन असं म्हणणार नाही. आणि ते मत! एकीकडे 'ऑस्टवेल' लिहितेस आणि तीन आठवड्यांनी बॉशकडे जातेस. वेड्यासारखं वागलीस.

पण हे ऐक. बुधवारी इथे अकरा इंच बर्फ पडलं. सकाळी सातला जाग आली, खिडकी पांढरी. उडी मारून उठलो, पँट चढवली, बूट चढवले, दोर काढला. दाराशी आल्यावर आठवलं, की हॉलमध्ये कुणी नाही. ना पोरं, ना बँड, ना म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग. छताला काय करायचं ते करू दे. मी दाराशी उभा राहिलो. बेव्हर्ली वरून ओरडली, "जातोयस की नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग बूट काढ, फरशी ओली होतेय." बूट काढले आणि चार अंडी तळली. चार वर्षांत बर्फ पडताना गरम नाश्ता केलेला हा पहिला दिवस. खुर्चीतच झोप लागली, दहापर्यंत.

जुलैत होडीत तुला का सांगितलं, याचा मी विचार करतोय. व्हर्जिलशी बोलणं म्हणजे माझ्याशीच बोलणं. तू मत देणारी होतीस, हे मला तेव्हा ठाऊक होतं. एवढंच लिहितो, याहून जास्त माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

नगरपालिका आता कमानी बदलणार म्हणते. बघू. हॅलोरनच्या हॉलबद्दल ऐकलं की मैदानाची फरशी जरा निसरडी आहे. तुझ्या संघातल्या मुलींना बुटांचे तळवे पुसत राहायला सांग. शुक्रवारची दोन तिकिटं काढून ठेव, माझं आणि व्हर्जिलचं. बेव्हर्ली म्हणते, परातीतले वाटाणे बघायला ती एवढ्या लांब येणार नाही.

फोन आता उचलतो. संध्याकाळी सहानंतर कर, त्याआधी मी दुपारचा झोपलेला असतो.

अजून रागावलेला, आणि तुझाच,
आर्लेन