किदिरबाबाचा अंगठा

आदरणीय उमसुनाईताईस,

धाकट्या शारशेनचा वाकून सलाम. तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि तुमची ती लाथाळ गाय, सगळे खुशाल असोत. (गाय लाथाळच राहू दे, भावोजींना तेवढाच व्यायाम होतो.) आईच्या हातच्या लोकरीच्या गालिच्यावरून, त्या नमद्यावरून आपलं बोलणं बंद झालं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा तू "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाली होतीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहितो आहे.

काल रमजानची सत्ताविसावी रात्र, कादिरची. मशिदीतून येऊन आई-बाबांच्या नावाने दोन दिवे लावले, दार सताड उघडलं आणि जागत बसलो. या रात्री मागावं ते मिळतं आणि दारी आलेला म्हातारा खुद्द किदिरबाबा, वेष पालटून फिरणारा संतही असू शकतो, हे आपल्याला आईनेच सांगितलेलं. त्याची खूण एकच, उजव्या अंगठ्यात हाड नसतं. म्हणून मी येईल त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन सलाम करायचो आणि हळूच अंगठा दाबायचो. असे अकरा अंगठे झाले. इमामसाहेबांचा दाबला, तर त्यांनी हसून माझाच दाबून पाहिला! (त्यांचीही निराशाच झाली.) जीपार करवादली, "अहो, दुआ मागा! बाजारात टोमॅटो दाबल्यासारखे माणसांचे अंगठे काय दाबताय?" (माझी बायको चोरून तुला फोन करते, हे मला ठाऊक आहे.)

माझं मागणं तयार होतं: ट्रॅक्टरला नवं इंजिन. सेहरीच्या जरा आधी पांढऱ्या दाढीचा एक अनोळखी म्हातारा दारात उभा राहिला. "घाटात बर्फ आहे रे बाबा, घोटभर चहा मिळेल का?" मी हात धरला, अंगठा दाबला. ताई, अंगठा लोण्यासारखा आत गेला! इंजिन कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून निघालं, "बाबा, माझ्या ताईला माझ्याशी बोलू दे. नमदा आईने तिलाच दिला होता, मी खोटं बोललो." आणि तो अंगठा तसाच आवळून मी हमसून हमसून रडलो.

"अगं आई गं! सोड की मेल्या!" म्हातारा किंचाळला. किदिरबाबा किंचाळतो, असं आई कधी म्हणाली नव्हती. तो निघाला कालबेक, मालट्रकवाला. गेल्या वर्षी जॅकखाली अंगठा चिरडला, तेव्हा दवाखान्यात हाडच काढून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीपारने त्याला कणकेचे बोरसोक तळून दिले, वर सायीची वाटी ठेवली. तृप्त होऊन तो म्हणाला, "मी काही किदिर नाही. पण आज तुझ्या ताईच्याच गावावरून जाणार आहे."

ताई, माझं चुकलं. तीन वर्षं हे म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तुझा,
शारशेन

ता. क. पत्र आणणाऱ्याचा अंगठा दाबू नकोस. त्याला फार दुखतं.

ता. क. नमदा त्याच्या गाडीत गुंडाळून ठेवला आहे. कोपऱ्यातला चहाचा डाग माझा.

ता. क. ईदच्या आदल्या दिवशी तो इकडेच परततो. त्याच्या शेजारची सीट रिकामी आहे. तोंड दाखवायची बंदी मला आहे, तुला नाही.