उजव्या हाताची झोप

खेड, कार्तिक, १९२७

तीर्थस्वरूप काशीदादास, धाकट्या महिपतचा नमस्कार.

मुंबईत मिलमध्ये तू माझ्यासाठी जागा बघितलीस आणि मी "हात मेलाय" म्हणून कळवलं. दादा, परवा दुपारी ओटीवर डोळा लागला. आपण दोघं आपल्या जगबुडी नदीत पोहत होतो. मध्येच तिची बसऱ्याची नदी झाली, पाणी कोमट, काठाला खजुरी. लढाईत तिथेच माझ्या दंडाला गोळी लागली होती. पण मी पोहतच राहिलो. जागा झालो तर उजवी बोटं अजून पाणी कापत होती.

हौसा बघत होती. म्हणाली, "कोणाला बोलू नका. त्या हातावर चूल पेटते आपली."

खरंच आहे तिचं. दर वर्षी सरकारी डॉक्टर मूठ मिटायला सांगतो. मिटली नाही, की पेन्शन चालू. उद्या मिलने काढून टाकलं, तर पेन्शनीसाठी दुसरी गोळी कुठून आणू?

आजवर माझी पत्रं शाळेतले मास्तर लिहायचे. आज हे अक्षर बघ. लहानपणी तूच माझा हात धरून पाटीवर गिरवलं होतंस, तेच. वेडंवाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे.

म्हणून हे टपालात पडणार नाही. उद्या मास्तरांकडून दुसरं लिहून घेतो, की हात तसाच आहे.

तुझा,
महिपत