निळी पट्टी आणि काकांचा सूर्यास्त

सान रोक्को, इव्रेआजवळ
२६ नोव्हेंबर २०१२

चि. तित्सियानो यास मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली, संगणकावर लिहिलेल्या हुकुमाने दिवे चालवणारी निळी पट्टी पोचली. फोन मात्र करू नकोस. तो तुझ्या काकांच्या खुर्चीशेजारी आहे आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांना कळता कामा नये, म्हणून हा पत्रांचा खटाटोप.

त्यांच्या हाताचा कंप वाढलाय. तीस वर्षं चर्चमधल्या नाताळच्या देखाव्यातला सूर्य त्यांच्या पितळी पिंपावर उगवला आणि मावळला. पिंप फिरायचं, त्यावरचे दात तारांना टेकायचे, दिवे लागायचे. टाइपरायटरच्या कारखान्यातला माणूस, त्याला काय अवघड! यंदा दात झिजलेत आणि त्यांना कानस धरवत नाही. फादर ओरेस्ते म्हणतात, बाजारातून लुकलुकती माळ आणू. काका म्हणाले, आणू देत, बाळ येशू जत्रेतच जन्मला होता ना. तेव्हापासून चुलीपाशी बसलेत ते बसलेत. ती माळ लागली, तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. तेव्हा नाताळपर्यंत या पट्टीकडून मला सूर्य करून घ्यायचाय.

तू सांगितलेला पहिला धडा केला. पट्टीवरचा दिवा लागतो, पण संगणक म्हणतो की अशी कुणी आपल्या ओळखीची नाही. तीनदा मी त्याला समजावलं, चौथ्यांदा हरवलेलं शोधून देणाऱ्या संत आंतोनियोंवर सोपवलं. तू काही सांगतोस का?

मारियामातेची पाखर तुझ्यावर असो आणि पायात लोकरी मोजे असोत.
तुझी, चेलेस्तीनामावशी


तोरीनो, ३० नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस, तित्सियानोचा सा. न. वि. वि.

संत आंतोनियोंना मोकळं कर, त्यांच्यामागे इतरांचीही कामं आहेत. नवी वायर न उघडता तू जुन्या मोबाइलच्या चार्जरची लावली आहेस, हे मी इथे बसून पैजेवर सांगतो. तिच्यातून नुसती वीज जाते, निरोप जात नाही. पट्टीबरोबरची वायर लाव. ती वापरल्याने संपणार नाही.

मग दिवा लुकलुकेल. प्रोग्रॅममध्ये जिथे १००० लिहिलंय, तो एक सेकंद. आकडा बदल, पट्टीत पुन्हा पाठव आणि बघ. एवढं जमलं की सूर्य म्हणजे तोच दिवा, फक्त सावकाश.

काकांना माझा नमस्कार सांगू नकोस, संशय येईल.
तुझा, तित्सियानो


सान रोक्को, १६ डिसेंबर

चि. तित्सियानो यास अ. आ.

वायरीबद्दल पुन्हा बोलू नकोस. दिवा लुकलुकला आणि मी खुर्चीवरून उठून क्रूसाची खूण केली. सेकंद मोजायला मला जमेना, म्हणून प्रत्येक आकडा 'नमो मारिया'वर जोखला. एका प्रार्थनेला बारा हजार. फादर ओरेस्तेंच्या हिशेबाने सहा हजार, ते घाईत असतात. गेल्या मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात केशरी उजाडलं आणि निळं मावळलं.

आता वाईट बातमी. काल पट्टी देखाव्यात बसवली. कुठे, तर नदीवर. आपली नदी दरवर्षी चांदीच्या कागदाचीच असते, मक्याच्या पोलेंटाचे तुकडे गुंडाळतो त्याच कागदाची. वर रानातलं ओलं शेवाळ नीट दाबलं, पट्टी दिसायला नको म्हणून. वीज लावली. चट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सूर्य कायमचा मावळला. पट्टीच्या पोटाशी विजेचे उघडे टाके असतात आणि ते चांदीच्या कागदाला टेकू द्यायचे नसतात, हे धड्यात पहिल्या ओळीत का नव्हतं?

घरी येऊन ती पावाच्या डब्यात लपवली. काकांनी नेमका आज पाव मागितला नाही, स्वतःच घेतला. भिंग लावून पट्टी उलटीपालटी केली आणि विचारलं, "हिला दात किती?" मी म्हटलं, दात नाहीत, आकडे लिहायचे. त्यांनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे कानस नको?"

दुसरी पट्टी पाठव. लगेच.
घाबरलेली, मावशी


तोरीनो, १८ डिसेंबर

ती. स्व. मावशी आणि काका, दोघांना सा. न.

पट्टी पाठवली आहे. खाली लाकडाची फळी ठोका. सोबत फिरवायचं एक बटण आहे. ते जोडून हाताने दिवा कमी-जास्त करून बघा, म्हणजे आकडे ठरवायला सोपं जाईल. जोडणीचं चित्र मागच्या बाजूला काढलंय.
तुमचा, तित्सियानो


सान रोक्को, २६ डिसेंबर

चि. तित्सियानो यास दोघांचे आशीर्वाद.

आकडे काकांनी सांगायचे आणि मी टंकायचे, अशी वाटणी झाली. त्यावरून तीन भांडणं झाली. त्यांचा सूर्यास्त इतका लांबला की मेंढ्यांना पेंग यावी. शेवटी जमला.

पण देखाव्यातली मेंढपाळांची शेकोटी मेली होती. नुसता लाल दिवा, गाडीच्या मागे असतो तसा. मी आकडे उलटेपालटे केले, तरी ती भुतासारखी उघडझाप करी. काका वैतागून म्हणाले, दे इकडे ते बटण. त्यांनी बोटांत धरलं आणि शेकोटी पेटली. खरीखुरी. वाऱ्याने दबत होती, पुन्हा उसळत होती. त्यांनी स्वतःच्या कापऱ्या हाताकडे पाहिलं, मग ज्वाळेकडे, आणि म्हणाले, "चेलेस्तीना, कपाटातून माझा कोट काढ."

नाताळच्या सकाळी अख्खी मिस्सा, प्रार्थना संपेपर्यंत, ते गोठ्याच्या पडद्यामागे स्टुलावर बसून होते, बटण हातात. मुलं शेकोटीपुढे हात धरून शेकत होती. माळेचं नाव कुणी काढलं नाही. फादर ओरेस्तेंनी वाकून विचारलं, अशी ज्वाळा कोणत्या दुकानात मिळते. पडद्यामागून उत्तर आलं, "दुकानात नाही, फादर. आणि एक वाजता विझेल, मला जेवायचंय."

देखावा सहा जानेवारीपर्यंत आहे. शेकोटीची वेळ त्यांनी चर्चच्या दारावर लावलीय, दहा ते बारा आणि चार ते सहा. आत्ताही तिकडेच गेलेत. घर किती मोठं वाटतंय म्हणून सांगू.

लोभ आहेच, तो मोजत बसू नये.
तुझी, मावशी