सगळ्यांदेखत

ग्लेनोरा, न्यूझीलंड
ऑगस्ट १८६७

प्रिय जेसी,

लॅक्लन मेंढ्यांकडे गेलाय. तो परतायच्या आत हे पत्र टपालवाल्याच्या हाती पडायला हवं, म्हणून घाईत लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

आमच्या भागाचे पार्लमेंटातले सभासद वारले, म्हणून पोटनिवडणूक लागली. एकीकडे आमचे जमीनमालक ट्रेव्हॅनियनसाहेब, दुसरीकडे गिरणीवाला रॅन्किन. मत द्यायचं म्हणजे टेबलापुढे उभं राहून मोठ्यानं नाव सांगायचं. कारकून वहीत लिहून घेतो. आणि टेबल मांडलेलं मालकाच्याच लोकरीच्या गोदामात! आमचा जमिनीचा करार याच महिन्यात संपत होता. मालकाचा कारभारी ऑग्डन दारात आला आणि घोड्यावरूनच म्हणाला, "बाई, नवऱ्याला सांगा, तोंड जरा जपून उघड."

लॅक्लन हसला. "बापानं जन्मभर मालकापुढे मान खाली घातली. एवढा समुद्र ओलांडून मीही तेच करू? मी रॅन्किनचंच नाव घेणार."

मला मात्र शेजारचे मॅकरे आठवले. गेल्या हिवाळ्यात मालकानं त्यांना जमिनीवरून काढलं, तेव्हा त्यांचं तान्हं बाळ वाटेत गाडीतच गारठून गेलं. जेसी, मतदानाच्या पहाटे मी घोडा सोडून दिला. आपल्या हातांनी. लॅक्लन दुपारपर्यंत डोंगरात त्याला शोधत होता, मग पायीच निघाला. नदीला पाणी चढलेलं. तो पार होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पोचला तेव्हा चार वाजून गेले होते, वही मिटली होती. रॅन्किन दोन मतांनी पडला.

रविवारी चर्चबाहेर ऑग्डननं सगळ्यांसमोर लॅक्लनची पाठ थोपटली. "शहाणा निघालास!" म्हणाला आणि नवा करार हातात ठेवला. रॅन्किनच्या बायकोनं तोंड फिरवलं. कुणीतरी पुटपुटलं, "केवढ्याला विकला गेलास रे?" तेव्हापासून लॅक्लन धड जेवत नाही. काल म्हणाला, "एफी, तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?" मी उठून चुलीत लाकूड सारलं.

उद्या चर्च सुटल्यावर मी सगळं सांगणार आहे, त्याला आणि सगळ्या गावाला. लॅक्लन रॅन्किनला मत द्यायला निघाला होता हे कळलं की मालक करार मोडेल, जमीन जाईल. तो मला घरात ठेवील की नाही, तेही ठाऊक नाही. मला त्याच्या रागाची भीती नाही गं, तो गप्प राहिला तर काय करू? म्हणून विचारते: मुलांना घेऊन मी तुझ्याकडे डनेडिनला आले, तर दार उघडशील ना?

तुझीच,
एफी