दोनशे बारा नंबरचं कोरं पान

हरारे

प्रिय नेत्साई,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत बरी आहे. वसाहतीला साठ वर्षं झाली म्हणून मंडळानं तिचा इतिहास लिहायला घेतलाय. दर घराला एक पान: पहिलं बिऱ्हाड कुणाचं, कुठून आलं, देवक कोणतं. वही घेऊन दारोदार फिरतोय समोरचा जोसाया. बायको जाऊन तीन वर्षं झाली त्याची. डोकं पांढरं झालंय, पण रीतीप्रमाणे दारात टाळ्या वाजवून विचारल्याशिवाय अजूनही आत पाऊल टाकत नाही.

काल तो आपल्या पानासाठी आला आणि मी त्याला खरं ते सांगितलं. आपण इथे आलो तेव्हा तू वर्षाची होतीस. तेव्हा लग्नाचा कागद दाखवल्याशिवाय घर मिळत नसे. मी विधवा, आणि ज्याला तू बाप समजत आलीस तो सामेरे सडा. साहेबापुढे उभं राहून आम्ही कागद केला आणि घर घेतलं. एक खोली त्याची, एक आपली. तपासनीस आला की मी सामेरेची टोपी माझ्या खाटेवर ठेवायची, एवढाच आमचा संसार. माणूस मात्र सोन्यासारखा. तुला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. तुला त्यानं नाव दिलं, देवक दिलं. पण तो तुझा बाप नव्हे, पोरी. तुझा बाप तू पोटात असतानाच खाणीत दगावला.

ऐंशी साली जोसायानं तुला मागणी घातली, तेव्हा दोघांचं देवक माकड निघालं, म्हणजे भाऊ-बहीण ठरलात, म्हणून लग्न मोडलं. तू बुलावायोला गेलीस ती गेलीसच. एका शब्दानं मला ते थांबवता आलं असतं. पण त्याच वर्षी घरं भाडेकरूंच्या नावावर होणार होती. कागद खोटा ठरला तर डोक्यावरचं छप्पर जाईल, या भीतीनं मी गप्प बसले. सामेरेलाही शपथ घातली. तो ती घेऊनच गेला.

जोसायाचं पेन थांबलं. “म्हणजे नेत्साईचं देवक...?” मी म्हटलं, “मासा.” त्यानं वही मिटली. मग म्हणाला, “आई, समोरच तर राहत होतो मी. एकदा हाक मारायची होतीत.” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आपलं दोनशे बारा नंबरचं पान त्यानं कोरं ठेवलंय. म्हणतो, हे लिहायचा हक्क तिचा. रविवारी सभागृहात सगळी पानं वाचणार आहेत. त्याआधी ये, ते पान लिही, आणि माझं खोटं झाकू नकोस. तुझ्या बापाचं नाव मुतासा होतं. आज पहिल्यांदाच ते कागदावर लिहितेय.

तुझीच, तुझी गुन्हेगार
आई एनेरेसी