वांग्याच्या फोडीची कराची

भातकुली, मंगळवार, संध्याकाळ

शी! आज बाबांची तेरवी, अन् पंगतीत गप्पा कशाच्या? विमानाच्या! विलायतेहून परतलेल्या दादानं पत्रावळीवर नकाशाच मांडला. भाताचा ढीग म्हणजे लंडन, वांग्याची फोड म्हणजे कराची. "पाच हजार मैल, सात दिवसांत!" ती फोड तो बोटानं वरणातून फिरवत होता, लोक जेवण सोडून बघत होते. वाढता वाढता मला किळस आली.

कराचीत उतरल्याची त्याची तार आली तेव्हा बाबा शुद्धीत होते. दाराकडे डोळे लावूनच गेले. अन् हा? "कराचीत मित्रांनी सोडलंच नाही," म्हणे.

शेवटी आईनंच विचारलं, "अन् कराचीहून घरी याले एवढे दिस काहून लागले रे, बापू?"

दादानं कराची उचलली अन् तोंडात टाकली.