रोंदिनेलाची उजवी बाजू

तोरिनो, १४ मार्च २००४

ति. फिओरेन्झोदादा यांस,

ओत्तोरिनोचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे फक्त कागदावर). तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा दमा? आपण चुलतभाऊ असून एक्केचाळीस वर्षं बोललो नाही, तेव्हा मधल्या सगळ्या वर्षांची विचारपूस यातच धरून चाल.

आपल्या कारखान्यातल्या रोंदिनेला गाड्या आठवतात ना? पहिल्या मालिकेत मागे बसायला जागाच नव्हती, दुसरीत जागा केली तर पाय ठेवायची पंचाईत, आणि तिसरीत पाय मावेपर्यंत कारखाना बुडाला. त्या दुसऱ्या मालिकेतली डॉक्टर अमेदेओंची निळी गाडी अजून धावते. डॉक्टर मात्र गेल्या वर्षी गेले. गाडीला कधी ओरखडाही लागला नाही, असं ते बायकोला जन्मभर सांगत आले. आता एर्मेलिंदाबाई ती जुन्या गाड्यांच्या मंडळाकडे घेऊन गेल्या, अस्सलपणाच्या दाखल्यासाठी. तिथल्या परीक्षकाने (कडक इस्त्रीचा कोट, जन्मात हातोडी धरली नसावी) टेप लावली. उजवी बाजू डावीपेक्षा दीड सेंटिमीटर लांब भरली. म्हणजे गाडी कुठेतरी जोरात धडकली आणि गुपचूप दुरुस्त केली, असा त्याने निकाल दिला.

झालं. बाईंनी घरी येऊन नवऱ्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी भेटायला गेलो तर कॉफीसुद्धा विचारली नाही. "ओत्तोरिनो, चाळीस वर्षं हा माणूस माझ्याशी खोटं बोलला," म्हणाल्या. "आणखी काय काय लपवलं असेल?" मला फार वाईट वाटलं रे. मी समजावलं की तेव्हा पत्रा हातानेच ठोकत. डावी बाजू मी केली, उजवी माझ्या चुलतभावाने (म्हणजे तू), आणि आमचं तर एकमेकांशी पटत नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या असलेली रोंदिनेला कुठे दिसलीच तर ती नकली समजावी. पण मंडळाला या जबाबावर दोन्ही कारागिरांच्या सह्या हव्यात. माझी झाली, तुझी राहिली.

तर गुरुवारी ये. अन्योलोत्ती करून ठेवतो, मांस भरलेला आपला घरचा पास्ता.

तुझा धाकटा,
ओत्तोरिनो

ता. क. : चूक उजव्या बाजूची, असं मी मंडळात सांगून बसलोय. रागावू नकोस.

आणखी ता. क. : काल गाडीचा जुना आराखडा काढून मोजलं. तुझी बाजू बरोबर आहे, माझीच आखूड पडली. तू तेव्हाही हेच म्हणाला होतास, आणि त्यावरूनच मी तुझ्याशी बोलणं सोडलं. मंडळात खरं तेच सांग. कुणीतरी एक खोटारडा ठरणारच आहे, तर मी ठरतो, डॉक्टर नकोत.